बॅरेजची दारं

बदलापुरात ‘बॅरेज’ हा शब्द आजीपासून शाळकरी पोरापर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसला आहे. नदीवर फिरायला जायचं ते बॅरेजवर, पुराची बातमी यायची ती बॅरेजवरून. पण बॅरेज म्हणजे धरण नव्हे. धरण पावसाळ्याचं पाणी पोटात साठवतं. उल्हास नदीवरचा हा बंधारा फक्त पातळी उचलून धरतो, पंपांना पाणी मिळावं इतपत. महाराष्ट्र जीवन प्राधिकरण ते उचलून, शुद्ध करून बदलापूर आणि अंबरनाथला देतं. खाली जांभूळला एमआयडीसी पाणी उचलते. त्यावर कारखाने चालतात आणि उल्हासनगरची तहानही भागते. ८ ऑगस्ट १९४९ रोजी सिंधी निर्वासितांच्या छावणीला या नदीचं नाव मिळालं, पण त्या शहराला आजही स्वतःचा पाण्याचा स्रोत नाही.

एप्रिल-मे महिन्यांत कोकणातल्या बहुतेक नद्यांचं पात्र उघडं पडतं, उल्हास मात्र वाहती राहते. त्याचं कारण घाटावर आहे. मावळातल्या आंध्रा नदीचं पाणी ठोकरवाडीला अडवून टाटांनी ते घाटाखाली भिवपुरीच्या वीजघरात उतरवलं. हे वीजघर १९२२ पासून चालू आहे. भीमेच्या खोऱ्यातलं, बंगालच्या उपसागराला जायचं ते पाणी वीज करून उल्हासमध्ये येतं. बदलापूरकर उन्हाळ्यात मावळातला पाऊस पितात, असं म्हटलं तर चूक नाही. दुसरा आधार बारवीचा. एमआयडीसीने १९७२ मध्ये बांधलेलं हे धरण टप्प्याटप्प्याने उंच होत गेलं. शेवटच्या वाढीनंतर, २०१९ च्या पावसाळ्यात, ते पहिल्यांदा ७२.६० मीटरपर्यंत भरलं आणि साठा २३४ वरून सुमारे ३३९ दशलक्ष घनमीटरवर गेला. त्यासाठी मुरबाडकडच्या गावांनी घरं आणि शेतं सोडली. आपल्या नळाच्या हिशेबात ती गावं धरलीच पाहिजेत.

बारवीचे दरवाजे स्वयंचलित आहेत. ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. विश्वेश्वरय्यांनी १९०३ मध्ये खडकवासल्याला असे दरवाजे बसवले, राधानगरीच्या स्वयंचलित दरवाज्यांकडे तर दर पावसाळ्यात सगळं कोल्हापूर डोळे लावून बसतं. ठरलेली पातळी गाठली की पाण्याच्याच जोरावर दार उघडतं, पातळी उतरली की मिटतं. पण ‘स्वयंचलित’ म्हणजे ‘बिनदेखभालीचं’ असा अर्थ कुणी काढू नये. बिजागरी गंजली, फटीत ओंडका अडकला, वजनाचा तोल बिघडला, तर पाणी ठरल्या पातळीला येऊनही दार हलत नाही. किंवा उघडतं आणि मिटतच नाही.

दरवाज्याचं दुखणं सुरू होतं ते रबरी सीलपासून. पोलादी पाटीच्या कडेने बसवलेली ही रबराची पट्टी उन्हाने कडक होते, तिला चिरा पडतात. मग सुतळीएवढी धार सुटते. पाहणाऱ्याला ती किरकोळ वाटते, पण त्या धारेत वाळूचे कण असतात आणि ते कानशीसारखे खाचेचं पोलाद घासत राहतात. पुढे नवं रबर बसवलं तरी ते नीट टेकत नाही, कारण टेकायची जागाच झिजलेली असते. म्हणून रबर बदलायचं ते धार सुतळीएवढी असतानाच. शिवाय दोरखंडांना ग्रीस, साखळीच्या कड्यांची तपासणी, वीज गेली तर हाताने दार उचलायची सोय, आणि कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावर पावसाळ्याआधी बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढून त्या मोजून ठेवणं. उल्हासवर याच्या जोडीला जलपर्णी आहे. शहरांचं सांडपाणी पिऊन ती माजते आणि पंपाच्या जाळीला गोधडीसारखी चिकटते.

हेळसांड कुठवर नेते, हे १० ऑगस्ट २०२४ च्या रात्री तुंगभद्रा धरणावर दिसलं. ३३ दरवाज्यांपैकी एकोणिसाव्याची साखळी तुटली आणि दरवाजा वाहून गेला. वाहत्या पाण्यात तात्पुरत्या पोलादी पाट्या उतरवेपर्यंत आठवडा गेला. राधानगरीला २९ डिसेंबर २०२१ रोजी काम चालू असताना सेवाद्वार उघडंच अडकलं आणि भर हिवाळ्यात भोगावती फुगली.

बदलापुरात पूर आला की ‘बारवीचे दरवाजे सोडले’ अशी आवई उठते. नकाशा पाहिला तर बारवी उल्हासला शहराच्या खालच्या अंगाला मिळते. बदलापूर बुडतं ते कर्जत-नेरळकडून येणाऱ्या उल्हासच्याच लोंढ्याने. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ अडकली तीही याच पाण्यात. बदलापूरला इशारा पातळी १६.५० मीटर आहे, धोक्याची १७.५०. हे दोन आकडे घरातल्या प्रत्येकाला पाठ हवेत. बारवीचा विसर्ग रायते, कांबा या खालच्या गावांनी लक्षात घ्यायचा.

२०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी बंधनकारक केली. पण दहा मीटरपेक्षा कमी उंचीचे बंधारे त्याच्या कक्षेत येत नाहीत. नदीवरचे बहुतेक छोटे बंधारे असे सुटतात, आणि पाणी तर त्यांच्याच भरवशावर येतं. ही पळवाट बुजवायला हवी. तोवर तिन्ही शहरांच्या नागरिकांनी दर मे महिन्यात एक अर्ज करावा: आमच्या बंधाऱ्याची दारं यंदा कोणी, कोणत्या तारखेला उघडून-मिटून पाहिली आणि सील कधी बदललं? उत्तर तारखेसह, लेखी मागावं.