हापसा बिघडला, की बोअर आटली?



आंबेनळी घाटाखाली आषाढात छत्री टिकत नाही, अन् शिमगा सरला की हंडा भरत नाही. काळ्या कातळात पाणी थोडंच मुरतं, बाकी सारं सावित्रीला मिळतं. भेगांत जे उरतं त्यावर आपली विंधन विहीर, म्हणजे बोअर, चालते. अशा दिवसांत हापशाला पाणी येईना झालं की लोक म्हणतात, "बोअर आटली." पुष्कळदा आटलेली नसते. आत एखादा वॉशर झिजलेला असतो, आणि तेवढ्यासाठी घरच्या बायका ऊन्हातान्हात नदीच्या खेपा घालतात. म्हणून हापशाच्या पोटात काय असतं ते आज पाहू.

विहिरीवरचं आपलं इंजिन पाणी गरगर फिरवून भिरकावतं. हापसा तसं करीत नाही. तो पाणी मापानं उचलतो; दर खेपेला तेवढंच. ही दट्ट्याच्या पंपाची जात. आपला पाठीवरचा फवारणी पंपही याच भावकीतला.

गावोगाव दिसतो तो बहुधा 'इंडिया मार्क दोन' हापसा. १९७० नंतरच्या दशकात तो तयार झाला, आणि त्याचं मूळ आपल्याच सोलापूरच्या पंपात आहे. त्याआधीचे बिडाचे पंप एका कुटुंबापुरते होते; सगळ्या गावानं हापसल्यावर ते मोडत. सोलापूरच्या पंपात दांड्याला साखळी आली, त्यामुळे आतली सळई वाकडी न ओढता सरळ वर येऊ लागली.

वरचा दांडा भरीव लोखंडाचा असतो. त्याच्या वजनानं आतल्या सळयांचा भार तोलला जातो. साखळीला सळया जोडलेल्या, त्या पाइपातून खाली सिलिंडरपर्यंत गेलेल्या. सिलिंडर पाण्यात बुडालेला असतो, म्हणून इंजिनासारखं याला आधी पाणी पाजावं लागत नाही. सिलिंडरात दट्ट्या, दट्ट्याला वाटीसारखे वॉशर, पूर्वी चामड्याचे, आता रबरी. झडपा दोन. एक दट्ट्यात, दुसरी सिलिंडरच्या तळाशी.

दांडा खाली दाबला की दट्ट्या वर जातो. त्याची झडप मिटते, वरचं पाणी उचललं जातं, आणि तळाची झडप उघडून खालून नवं पाणी आत शिरतं. दांडा वर सोडला की तळाची झडप मिटते, दट्ट्याची उघडते, आणि दट्ट्या पाण्यातून खाली उतरतो. दट्ट्या अडीच इंच रुंद, त्याची चाल पाच इंच. म्हणजे एका हापशाला चारशे मिलिलिटरच्या आसपास पाणी. चाळीस पुऱ्या हापशांना साधारण पंधरा लिटर. पोरं दांड्याला लटकून तोकडे झटके देतात, त्यात पाणी कमी येतं आणि साखळीला हिसके बसतात ते वेगळेच.

आता परीक्षा. पाणी सुरू करा, मग अर्धा तास कुणालाही हात लावू देऊ नका. नंतर सावकाश हापसा आणि पाणी येईपर्यंतचे कोरे हापसे मोजा. पाचापर्यंत ठीक. त्याहून जास्त लागले तर तळाची झडप किंवा पाइपाचा सांधा गळतो आहे. एक कोरा हापसा म्हणजे पाइपातलं पाणी दीडेक फूट उतरलं, असं धरा.

पाणी लगेच येतं, पण पुरे हापसे देऊनही धार बारीक? तर वॉशर झिजले. दांडा एकदम हलका लागतो आणि थेंबही येत नाही? सळई सुटली किंवा तुटली असण्याचा संभव मोठा. मात्र आधी चांगली धार येते, मग तुटते, आणि तासाभरानं पुन्हा येते, तर हापसा धड आहे. झराच मंद झालाय. चैत्र-वैशाखात आपल्याकडे हे फार होतं. तिथं पंप खोलून उपयोग नाही; हंड्यांच्या पाळ्या लावा. बोअर पुरेशी खोल असेल तर पाइप आणि सळई जोडून सिलिंडर खाली सोडता येतो.

साखळीला महिन्यातून एकदा ग्रीस लावा, बोल्ट आवळा. एवढं गावातला कुणीही करील. पाइप वर काढणं मात्र पथकाचं काम; हौसेनं पाना लावला आणि पाइप हातून निसटला तर बोअरच जाते. ओट्याला तडा दिसला तर आधी सिमेंट करा, नाहीतर सांडलेलं घाण पाणी पुन्हा बोअरमध्ये उतरतं. जुलै २०२१ च्या महापुरासारखं पाणी हापशावरून गेलं असेल, तर आरोग्य सेवकाकडून शुद्ध करून घेतल्याशिवाय ते पिऊ नका.

पंचायत समितीत तक्रार देताना "हापसा बंद आहे" एवढंच लिहू नका. कोरे हापसे किती, धार कशी, दांडा जड की हलका, हे लिहा. म्हणजे पथक येताना नेमका तोच सुटा भाग घेऊन येईल आणि दुसऱ्या खेपेची वाट पाहावी लागणार नाही.