धावायची इच्छा राहते कुठे?

पिंजऱ्यात फिरतं चाक ठेवलं, की प्रयोगशाळेतला उंदीर त्यावर चढतो आणि एका रात्रीत कित्येक किलोमीटर धावतो. धावून तो कुठे पोचत नाही, की त्याला खायलाही काही मिळत नाही. यावर बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं असं, की हा कोंडलेल्या, कंटाळलेल्या जीवाचा चाळा आहे; मोकळा सोडला तर तो चाकाकडे ढुंकूनही बघणार नाही.

नेदरलँड्समधल्या लायडनच्या योहाना मेयर यांनी मग चाकच पिंजऱ्याबाहेर नेलं. एक शहरातल्या झाडाझुडपांत ठेवलं, एक लोकांना प्रवेश नसलेल्या वाळूच्या टेकड्यांत. शेजारी थोडं खाणं आणि हालचाल टिपणारा कॅमेरा. २०१४ साली या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रानातले उंदीर स्वतःहून आले, चाकावर चढले, मनसोक्त धावले, उतरले आणि पुन्हा चढले! काही तर लहान पिल्लं होती. चिचुंद्र्या आल्या, बेडूक आले, बिनशंखाच्या गोगलगायीसुद्धा आल्या. पुढे खाणं काढून घेतल्यावर येणाऱ्यांची संख्या घटली, पण जे आले ते धावतच राहिले. भोवती मांजरं, घुबडं, भुकेची टांगती तलवार, आणि हा एवढासा जीव आपली शक्ती निव्वळ धावण्यावर उधळतो आहे. मला हे दृश्य निसर्गातल्या मोठ्या चमत्कारांइतकंच थोर वाटतं.

ही ओढ शरीरात नेमकी राहते कुठे? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात क्रिस्टोफ थाइस यांच्या चमूने याचा माग काढला. काही उंदीर खूप धावतात, काही लवकर थांबतात. हा फरक जनुकांतून येत असेल, असं कुणालाही वाटेल. पण जनुकांचा वाटा अगदी थोडा निघाला. जास्त हात होता आतड्यांतल्या जिवाणूंचा. अँटिबायोटिक देऊन हे जिवाणू मारले, तेव्हा उंदरांचं धावणं जवळपास निम्म्यावर आलं.

२०२२ साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनातली साखळी थक्क करणारी आहे. आतड्यातले काही जिवाणू विशिष्ट मेद-रेणू बनवतात. ते रेणू आतड्याच्या भिंतीतल्या मज्जातंतूंना चेतवतात. तो संदेश पाठीच्या कण्यातून मेंदूत पोचतो आणि तिथे डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा नाश करणारं विकर मंदावतं. त्यामुळे व्यायाम चालू असताना डोपामिन वाढतं आणि धावणं हवंहवंसं वाटतं. ज्याला आपण जिद्द म्हणतो, तिचा एक धागा पोटातल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांच्या हाती! हे उंदरांत दिसलेलं आहे. माणसात हीच साखळी चालते का, हा पुढच्या संशोधनाचा विषय. मात्र माणूस धावल्यावर त्याच्या रक्तात आनंदामाइड हे सुखावणारं द्रव्य वाढतं, हे डेव्हिड रायक्लेन यांनी २०१२ साली दाखवलं आहे. कुत्र्यांमध्येही ते वाढलं. जे धावण्यासाठी घडलेलेच नाहीत, त्या फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्यांमध्ये मात्र वाढलं नाही.

या साऱ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती वेळ. डोपामिन वाढतं ते व्यायाम सुरू झाल्यावर. आनंदामाइड वाढतं ते धाव झाल्यावर. पहाटे साडेपाचला गजर वाजतो, तेव्हा अंथरुणात यांतलं काहीच घडलेलं नसतं. आणि आपण मात्र तिथे पडल्या पडल्या ‘आज इच्छा होतेय का’ असं स्वतःला विचारत राहतो.

व्यायाम कसा वाटेल, हा आपला अंदाज चुकतो कसा, हे कॅनडात मॅथ्यू रूबी आणि सहकाऱ्यांनी २०११ साली मोजलं. व्यायामाआधी लोकांना विचारलं, किती मजा येईल? नंतर विचारलं, किती आली? प्रत्यक्षातली मजा अंदाजापेक्षा जास्त निघाली. मग तो योग असो, वजनं उचलणं असो, की आणखी काही. कारणही त्यांना सापडलं. पुढच्या व्यायामाचा विचार करताना मनासमोर सुरुवातीची नकोशी मिनिटंच उभी राहतात आणि ती सगळ्या तासावर सावली धरतात. म्हणूनच आवडता व्यायाम आधी घेतला, तर लोकांना पुढचं सत्र जास्त हवंसं वाटत होतं.

रोज रोज ही सुरुवात ढकलायची तरी किती दिवस? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांना एकेक नवी सवय निवडायला सांगितली आणि ८४ दिवस त्यांच्या नोंदी घेतल्या. कृती किती आपसूक होते, याचा आलेख सुरुवातीला भराभर चढतो, मग हळू होतो, मग सपाट. तिथवर पोचायला मध्यम हिशेबाने ६६ दिवस लागले. पण कुणाचं १८ दिवसांतच भागलं, तर कुणाचा आलेख पुढे वाढवून पाहिला तेव्हा २५४ दिवसांचा अंदाज निघाला. पाण्याचा पेला पिण्याची सवय लवकर मुरते, व्यायामाची सावकाश. शेजारी महिनाभरात सरावला आणि आपल्याला चौथ्या महिन्यातही उठताना जड जातं, तर त्यात काहीच वावगं नाही. दोघेही याच पट्ट्यात बसतात.

आणि पावसाने, पाहुण्यांनी किंवा तापाने एखादा दिवस बुडाला, तर? लॅली यांच्या नोंदींत एका चुकलेल्या दिवसाने आलेख अगदी किंचित खाली येतो आणि पुढच्या दिवसांत पुन्हा चढणीला लागतो.