आधी काटा, मग पावती
बाळाच्या आरोग्याविषयी कानावर येणाऱ्या गोष्टी कशा पारखाव्यात?



उसाची गाडी काट्यावर चढते, भरल्या गाडीचे वजन होते, रिकाम्या गाडीचे वजन वजा होते आणि पावती हातात पडते. मगच आपण माघारी वळतो. 'अठरा टन धरा की अंदाजे' असे कोणी म्हणाले, तर आपण ऐकून घेऊ काय? मुळीच नाही.

पण घरातल्या तान्ह्या बाळाला काय पाजावे, कोणती लस द्यावी, कोणती टाळावी, या गोष्टी मात्र आपण बहुधा अंदाजानेच ठरवतो. शेजारीण सांगते, मोबाइलवर येते, दुकानदार पुढे करतो आणि आपण घेतो. या अंकात आम्ही याच विषयावर चार शब्द लिहीत आहोत. नुसता सल्ला द्यावा यापेक्षा, आलेला सल्ला पारखावा कसा हे सांगण्याचा आमचा हेतू आहे.

तीन आया, तीन म्हणणी

या हंगामात आम्ही गाडीतळावर आणि कार्यक्षेत्रातील दोन-तीन गावांत फिरलो. घरातल्या बायामाणसांशी बोललो.

गाडीतळावरच्या एका कोपीत अकरा महिन्यांची पोर होती. नवव्या महिन्यात द्यायची गोवर-रुबेलाची लस राहून गेलेली. आई म्हणाली, "टोचलं की ताप येतो. पोर किरकिर कराय लागलं तर मी फडात जाऊ कशी? आन् कार्ड बी गावाकडंच राहिलंय."

एका सभासदांच्या घरी त्यांच्या पदवीधर सूनबाईंनी आम्हाला मोबाइल दाखवला. म्हणाल्या, "गोवराच्या लशीनं पोराच्या पोटात बिघाड होतो आणि त्याचा मेंदूवर परिणाम होतो, असं आलंय. खाली डॉक्टरांचं नावही आहे. मग भीती वाटणारच ना?"

तिसऱ्या घरी आजी होत्या. त्या ठसक्यात म्हणाल्या, "आमची समदी पोरं गुटीवर वाढली. सुई न्हाई का पावडर न्हाई."

आम्ही विचारले, "आजी, किती झाली?"

"आठ."

"आणि जगली किती?"

आजी जरा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पाच."

या तिघींपैकी एकीलाही आम्ही अडाणी म्हणणार नाही. तिघीही काळजीपोटीच बोलत होत्या. परंतु प्रत्येकीच्या हिशेबात काही ना काही तोलायचे राहून गेले होते. आजींच्या हिशेबात वाचलेली तेवढी मोजली गेली, गेलेली मोजायची राहिली. आपण सारेच असे करतो. 'आमचं काय वाईट झालं?' असे जो विचारतो, तो विचारण्यापुरता तरी जगलेला असतो.

चार सऱ्या मोकळ्या

उसावर फवारायचे एखादे नवे टॉनिक घेऊन विक्रेता बांधावर येतो. 'एकरी दहा टन वाढ' असे म्हणतो. जाणता शेतकरी काय करतो? चार सऱ्या तशाच मोकळ्या सोडतो. बेणे, खत, पाणी सगळे सारखे, फक्त टॉनिक नाही. तोडणीला दोन्हीकडचा ऊस वेगळा तोलतो. फरक दिसला तर टॉनिक खरे. कारण टॉनिक न मारताही ऊस वाढतच असतो.

बाळाच्या पोटाचेही असेच आहे. साधे जुलाब बहुतेक वेळा आठवड्याच्या आत आपोआप थांबतात. तिसऱ्या दिवशी जायफळाचे दोन वेढे दिले आणि पाचव्या दिवशी जुलाब थांबले, की श्रेय जायफळाला. दुसऱ्या घरी 'पोटातले चांगले जंतू' वाढवणारी महागडी पुडी दिली, तरी पाचव्याच दिवशी थांबले. तिथे श्रेय पुडीला. मोकळ्या सऱ्या दोघांनीही ठेवलेल्या नाहीत.

शास्त्रज्ञ त्या ठेवतात. २०१८ साली अमेरिका आणि कॅनडा या देशांत अशा दोन मोठ्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. एकीत ९७१ आणि दुसरीत ८८६ लहान मुले होती, सगळी जुलाब-उलट्यांनी आजारी. काहींना चांगल्या जंतूंची पुडी दिली, काहींना तशीच दिसणारी पण जंतू नसलेली. दोन्ही गटांत फरक पडला नाही. मग आतड्यातल्या जंतूंची गोष्टच खोटी काय? तसेही नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ओडिशाच्या खेड्यांतील चाचणीत साडेचार हजारांवर नवजात बाळे होती. तिथे एका विशिष्ट जंतूची पुडी दिलेल्या बाळांत रक्तातील जंतुसंसर्ग आणि मृत्यू यांचे प्रमाण नऊ टक्क्यांवरून साडेपाच टक्क्यांच्या आत आले. म्हणजे कोणता जंतू, कोणत्या वयात, कशासाठी, हे पाहावे लागते. 'पोटाला चांगले' एवढ्या दोन शब्दांवर पैसे मोजू नयेत.

लशीची चाचणीही अशीच होते, आणि तीही आपल्या दारात झालेली आहे. लहान बाळांना होणाऱ्या जोरदार जुलाबांचे एक मोठे कारण म्हणजे रोटा नावाचा विषाणू. त्यावरच्या भारतीय लशीची चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुणे जिल्ह्यातले वढू या ठिकाणी झाली. सुमारे ६,८०० बाळे होती. तिघांमागे दोघांना लस आणि एकाला तसेच दिसणारे पण लस नसलेले औषध. कोणाला काय मिळाले हे आईला ठाऊक नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नाही. पहिल्या वर्षात रोटाचे गंभीर जुलाब निम्म्याहून अधिक कमी झाले. सगळेच जुलाब थांबतात असा दावा कोणी केला नाही. खऱ्या काट्याची खूण हीच, की तो मर्यादाही सांगतो. ही लस २०१६ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात टप्प्याटप्प्याने आली. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना ती तोंडाने देतात.

त्या मोबाइलवरच्या मजकुराचे मूळ

सूनबाईंनी दाखवलेली गोष्ट नवी नाही. १९९८ साली लंडनमधील अँड्र्यू वेकफील्ड या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या प्रसिद्ध वैद्यकीय पत्रिकेत एक लेख लिहिला. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची एकत्र लस, आतड्याचा आजार आणि मुलांमधील स्वमग्नता यांचा संबंध त्यांनी सुचवला. मुले किती होती? अवघी बारा. मोकळी सरी एकही नाही.

पुढे एका पत्रकाराने पाठपुरावा केला, तेव्हा असे उघड झाले की, लस बनवणाऱ्या कंपन्यांवर दावा लावू पाहणाऱ्या वकिलांकडून या डॉक्टरांना पैसे मिळालेले होते. मुलांच्या नोंदीही जशाच्या तशा मांडलेल्या नव्हत्या. २०१० साली पत्रिकेने तो लेख मागे घेतला आणि त्याच वर्षी ब्रिटनच्या वैद्यकीय परिषदेने त्यांचे नाव डॉक्टरांच्या यादीतून काढून टाकले. २०१९ साली डेन्मार्कमधील ६,५७,४६१ मुलांच्या नोंदी तपासून झाल्या. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत स्वमग्नतेच्या प्रमाणात वाढ आढळली नाही.

मग आयांना तसे का वाटले? कारण स्वमग्नतेची लक्षणे साधारण ज्या वयात नजरेस येतात, त्याच वयात ही लस दिली जाते. एकापाठोपाठ एक घडले म्हणजे एकामुळे दुसरे घडले असे नव्हे. पण तोवर भीती पसरली होती आणि लस घेणारे कमी झाले. २०१२-१३ मध्ये वेल्स प्रांतात स्वान्सी शहराच्या परिसरात गोवराची साथ आली आणि हजारावर लोकांची गोवराचे रुग्ण म्हणून नोंद झाली. लांबचे कशाला, २०२२ च्या अखेरीस आपल्या मुंबईत गोवंडी भागात गोवर आला, तेव्हा लहान मुले दगावली.

लशीलाही काटा चुकत नाही

कोणी म्हणेल, तुम्ही लशीचीच बाजू घेता. तसे नाही. रोटाची पहिली लस अमेरिकेत १९९८ साली बाजारात आली. काही बाळांच्या आतड्यात आतडे अडकण्याचा त्रास दिसू लागला. प्रमाण थोडे, दहा हजारांत एकाच्या आसपास. तरीही १९९९ मध्ये ती लस मागे घेतली गेली. नंतरच्या लशी बाजारात आणण्यापूर्वी साठ-सत्तर हजार बाळांवर पारखल्या गेल्या. दोष सापडला तो लस देऊन झाल्यावरही नोंद ठेवणे चालू होते म्हणून.

आणि ज्या आजी 'सुई न्हाई' म्हणाल्या, त्यांच्या दंडावर देवी टोचल्याचे दोन व्रण स्पष्ट होते. १९७५ नंतर या देशात देवीचा रोगी सापडलेला नाही. आम्ही व्रणाकडे बोट दाखवले तेव्हा आजी हसल्या. "व्हय की, ते इसरलेच," म्हणाल्या.

आमची साखरही काट्यावर घाला

आता आमच्या स्वतःच्या मालाविषयी. आपण साखर बनवतो, आपली रोजीरोटी तिच्यावर आहे. म्हणून साखरेबाबत आमचेही म्हणणे डोळे झाकून घेऊ नका.

साखरेने जीव वाचतात हे खरे आहे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलऱ्याने माणसे पटापट मरत होती. सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांच्या पुड्या बांधल्या, त्या पाण्यात कालवल्या आणि नातेवाइकांकरवीच रोग्यांना पाजल्या. मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांवरून चारच्या खाली आले. कारण असे की, आतड्याच्या अस्तरातून मीठ आणि ग्लुकोज जोडीने आत शिरतात आणि पाणी त्यांच्यामागे ओढले जाते. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात साखर सहा सपाट चमचे आणि मीठ अर्धा सपाट चमचा. चमचा चहाचा.

पण प्रमाण चुकले आणि साखर वाढली, तर उलटे होते. पाणी आतड्यात ओढले जाते आणि जुलाब वाढतात. ओआरएसमध्ये लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असते, बाटलीबंद गोड पेयांत साखर शंभर ग्रॅमच्या आसपास. अशी काही पेये नावात 'ओआरएस' घालून विकली जात होती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्याविरुद्ध अनेक वर्षे झगडा दिला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर हे नाव वापरण्यास मनाई केली. तेव्हा दुकानात डबा नव्हे, पुडी मागा. तीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख पाहा आणि लिहिले असेल तितक्याच पाण्यात ती कालवा.

एरवी दोन वर्षांच्या आतील मुलाच्या खाण्यात वरून साखर घालू नये. गूळ घातला म्हणून ते निराळे होत नाही. एक वर्षाच्या आत मध तर चाटवूच नये, त्यातून एक दुर्मीळ पण घातक विषबाधा होऊ शकते. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध. गुटीतल्या औषधापेक्षा सहाणेवरच्या कच्च्या पाण्याचे भय मोठे. हे आम्ही साखरवाले सांगतो आहोत.

चार प्रश्न

कोणीही बाळासाठी काही सुचवले की एवढे विचारा. सांगणाऱ्याला यातून काय मिळणार आहे? मोकळ्या सऱ्या ठेवल्या होत्या काय, आणि किती मुले तोलली? हे दिले नाही तर काय होईल? आणि हे चुकीचे निघाले तर नुकसान किती?

बाळ पाणी पीत नसेल, मलूल पडले असेल, डोळे खोल गेले असतील, शौचात रक्त दिसत असेल, तर मात्र प्रश्न विचारत बसू नका. पाण्याचे घोट पाजत दवाखाना गाठा.

गाडीतळावरच्या त्या आईचा प्रश्न आम्ही शेवटी ठेवला आहे, कारण तिचा हिशेब सर्वांत खरा होता. ताप येऊ शकतो हे खरेच आहे. गोवराच्या लशीचा ताप बहुधा आठवड्यानंतर येतो, एक-दोन दिवस राहतो आणि उतरतो. गोवर आला तर दोन आठवडे मोडतात, न्यूमोनिया झाला तर पोर हाताचे जाते. कार्ड गावी राहिले तरी जवळच्या सरकारी केंद्रात लस फुकट मिळते. आम्ही हे सांगितले, तेव्हा तिने एकच विचारले, "आन् त्या दिवसाचा खाडा?"

याला उत्तर तिच्याकडे नाही, आपल्याकडे आहे. सभासद बंधूंनो, ज्यांच्या फडात टोळी असेल त्यांनी मुकादमाला एवढेच सांगावे, की पोराच्या तापाच्या दिवशी आईचा खाडा धरू नका. आपल्या उसाची एक खेप उशिराने गेली तरी वजन फारसे घटत नाही.