शिंक : अपशकुन नव्हे, अल्लाहची नेमत

मुलगा परीक्षेला निघतो, चप्पल पायात घालतो आणि तेवढ्यात घरात कोणीतरी शिंकते. लगेच दादी म्हणते, "थांब बेटा, पाणी पिऊन जा." शिंकणाऱ्या लहान बहिणीकडे मात्र सगळे असे बघतात, जणू तिने मुद्दाम केले! आपल्या अनेक घरांत आजही हे चालते. इस्लाममध्ये अपशकुनाला थारा नाही. मग शिंक म्हणजे आहे तरी काय?

नाकाच्या आत ओलसर नाजूक अस्तर असते. धूळ, परागकण, मिरचीच्या फोडणीचा ठसका किंवा सर्दीचा विषाणू यांनी ते चाळवले की ट्रायजेमिनल नावाची नस मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेला खबर देते. तेथून छाती, पोट, घसा आणि चेहऱ्याच्या स्नायूंना एकदम हुकूम सुटतो. आपण खोल श्वास घेतो, स्वरतंतू क्षणभर मिटतात, छातीत दाब वाढतो आणि हवा नाकातोंडातून जोराने बाहेर पडते. नको असलेली वस्तू बाहेर फेकली जाते. डोळे आपोआप मिटतात. पण शिंकताना हृदय बंद पडते, हा निव्वळ गैरसमज आहे.

काही लोकांना सावलीतून उन्हात येताच शिंका येतात. हा आजार नव्हे. हा गुण बहुधा आईवडिलांकडून मुलांत येतो. उन्हाने शिंक का येते, हा प्रश्न प्राचीन ग्रीसमध्येही विचारला गेला होता.

चारचौघांत लाज वाटते म्हणून मुले नाक-तोंड दाबून शिंक जिरवतात. असे करू नये. ब्रिटनमधील 34 वर्षांच्या एका माणसाने अशीच शिंक दाबली आणि दाबाने त्याचा घसा आतून फाटला. त्याला रुग्णालयात ठेवून नळीने अन्न द्यावे लागले. डॉक्टरांनी 2018 मध्ये ही नोंद प्रसिद्ध केली. असे क्वचितच घडते, पण धोका कशाला पत्करावा?

शिंक दाबायची नाही, झाकायची. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत लिडिया बुरुईबा यांनी वेगवान कॅमेऱ्याने शिंकेचे चित्रण केले. शिंकेतून निघणारा बारीक थेंबांचा ढग 7 ते 8 मीटरपर्यंत जाऊ शकतो, असे त्यांना आढळले. म्हणजे वर्गातल्या पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत! आपले प्रेषित (स.) शिंकताना चेहऱ्यावर हात किंवा कपडा धरीत आणि आवाज हळू ठेवीत, असे हदीसमध्ये आले आहे. रुमाल नसेल तर कोपराच्या आतल्या बाजूत शिंकावे. हातावर शिंक आली तर हात धुवावेत.

एक गोष्ट अम्मींनी खास लक्षात ठेवावी. ताप नाही, घसा दुखत नाही, पण रोज सकाळी मूल सलग शिंकते, नाक खाजवते, डोळ्यांतून पाणी येते. ही बहुधा ॲलर्जी असते. त्यावर मनाने अँटिबायोटिक देऊ नये, त्याचा उपयोग होत नाही. उशा, रजया उन्हात घालाव्यात, मूल झोपते त्या खोलीत लोबान, अगरबत्ती किंवा डासांची कॉइल लावू नये आणि डॉक्टरांना दाखवावे. धाप लागत असेल तर उशीर करू नये.

आणि पुढच्या वेळी निघताना घरात शिंक आली, तर मुलाला थांबवू नका. शिंकणाऱ्याने 'अल्हम्दुलिल्लाह' म्हणावे, ऐकणाऱ्याने 'यर्हमुकल्लाह' म्हणून दुआ द्यावी आणि मुलाने वेळेवर परीक्षेला पोहोचावे.