डेम्लो : एका प्रचंड संख्येची उकल

१२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या एकापासून नऊपर्यंत चढते आणि त्याच पायऱ्यांनी उतरते. अशा संख्यांना ‘डेम्लो’ हे नाव दिले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. जन्म डहाणूचा, १९०५चा. १९३० ते १९६२ देवळाली येथे शाळेत अध्यापन. कल्पना सुचली ती डोंबिवली स्थानकावर. नावाचे मूळ तेथेच आहे.

ही संख्या म्हणजे १११११११११चा वर्ग. नऊ एकांचा गुणाकार कागदावर मांडावा. प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते. त्यामुळे स्तंभांतील एक क्रमाने नऊपर्यंत वाढतात व पुन्हा घटतात. हातचा कोठेच येत नाही. मांडणीत एकूण ९ × ९ एक असल्याने अंकांची बेरीज ८१ भरते. दहा एकांचा वर्ग करताच मधल्या स्तंभात दहा जमतात, हातचा येतो आणि क्रम मोडतो : १२३४५६७९००९८७६५४३२१.

आता अवयव पाहू. १११११११११ = १११ × १००१००१. त्यांपैकी १११ = ३ × ३७ आणि १००१००१ = ३ × ३३३६६७; यातील ३३३६६७ ही मूळ संख्या आहे. म्हणून आपली संयुक्त संख्या म्हणजे ३चा चौथा घात, ३७चा वर्ग व ३३३६६७चा वर्ग यांचा गुणाकार. प्रत्येक घातांकात एक मिळवून गुणल्यास ५ × ३ × ३, म्हणजे ४५ विभाजक मिळतात.

कापरेकरांपाशी विद्यापीठाचे आसन नव्हते. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्या कार्यावर लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष तिकडे गेले. दाभोळच्या विद्यार्थ्यापाशीही तेवढीच सामग्री आहे : कागद, पेन्सिल आणि ‘असे का?’ हा प्रश्न.