‘होल्ड’ म्हणजे कुणी काय धरायचं?

सातवीतल्या भाचीनं विचारलं, “मामा, होल्ड म्हणजे काय?” मी म्हटलं, धरणे. तेवढ्यानं तिचं भागेना. तिच्या पुस्तकात कुणी श्वास ‘होल्ड’ करत होतं, कुणी सभा ‘होल्ड’ करत होतं. आपण श्वास रोखतो, सभा भरवतो, मत बाळगतो, पद भूषवतो. कळशीत पाणी मावतं. इंग्रज मात्र या सगळ्याला एकच शब्द वापरून मोकळा. याला काटकसर म्हणायचं की आळस, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

अर्थात आपणही कमी नाही. आपण धीर धरतो, अबोला धरतो, उपवास धरतो आणि प्रसंगी एखाद्याला धारेवर धरतो. रोप मूळ धरतं, बाळ बाळसं धरतं, डाळिंबवाला बहार धरतो. थंडीत म्हाताऱ्यांचे गुडघे धरतात, तिथं तर धरणारा कोण हेच कळत नाही! शिवाय ‘धरसोड’ या चार अक्षरांत माणसाचा अख्खा स्वभाव मावतो.

आपलं ‘धरणे’ संस्कृतातल्या ‘धृ’ धातूचं. धरणी, आधार, धर्म ही सारी त्याच घरातली मंडळी. ‘होल्ड’चं कूळ आणखी गमतीचं आहे. जुन्या गॉथिक भाषेत या शब्दाच्या भाईबंदाचा अर्थ होता गुरं राखणं. म्हणजे मुठीत आवळणं नव्हे, तर चरू द्यायचं आणि नजर ठेवायची. मावळातल्या कुठल्याही गुराख्याला हा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

पण आमच्या वराळ्यात हा शब्द गुरांमागून आला नाही, तो जमिनीच्या कागदातून आला. ‘होल्डिंग’ला सरकारी मराठीत म्हणतात धारणजमीन. तिचे तुकडे पडू नयेत म्हणून 1947 साली कायदा झाला, तोच तुकडेबंदीचा कायदा. शेजारी आंबी-नवलाख उंबऱ्याकडे एमआयडीसी आली, तळेगाव पसरत पसरत दारापर्यंत पोचलं, आणि एकराची भाषा गुंठ्यावर उतरली. घराघरात दोन पक्ष झाले. एक म्हणतो, आहे ते धरून ठेवा. दुसरा म्हणतो, भाव आहे तोवर सोडा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, ही म्हण कुणी बहुधा जमिनीकडे बघूनच केली असावी.

निदान इथं धरायचं की सोडायचं हे घरातले लोक ठरवतात. धरणाच्या पायथ्याशी आणि पोटात राहणाऱ्यांना तेवढीही मुभा नसते. धरण म्हणजे पाणी धरून ठेवणारं. पण पाण्याबरोबर ते गावंही धरतं. शेजारच्या मुळशीत 1921 ते 1924 सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकरी झुंजले. धरण झालंच, मुंबईला वीज गेली. पुढे मावळात पवना धरण झालं. ज्यांची शेतं बुडाली ते धरणग्रस्त ठरले. ‘ग्रस्त’ म्हणजे गिळलेला, हा अर्थ कचेरीच्या लक्षात असेल असं मला वाटत नाही.

त्याच पवनेचं पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला न्यायचं ठरलं. शहराला पाणी हवं हे खरंच होतं. पण मावळच्या शेतकऱ्याचं म्हणणं होतं, पाणी नदीतूनच वाहू द्या, आमच्या जमिनी घेऊ नका. 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर लोक उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला, त्यांत एक बाई होती. माझ्या मते इथं एकच क्रियापद लागू पडतं: गृहीत धरणे.

दाराशी ठाण मांडून बसणं याला आपण ‘धरणं धरणं’ म्हणतो. पूर्वी देणेकऱ्याच्या उंबऱ्यावर सावकार उपाशी बसे. ही रीत साहेबाला इतकी सतावत होती, की 1860 च्या भारतीय दंड संहितेत 508 व्या कलमाखाली धरण्याचं उदाहरणच घातलं गेलं. आपला शब्द त्यांच्या कायद्यात गेला. काळ पालटला आणि उंबऱ्यावर कर्जदार शेतकरी बसू लागला, आतमध्ये सरकार.

आणि त्यांचा शब्द आपल्याकडे राहिला तो टेलिफोनमधून. “प्लीज होल्ड” म्हणून बाई गप्प होतात, गाणं वाजू लागतं. गोळीबारानंतर जलवाहिनीचं काम वर्षानुवर्षं असंच ‘होल्ड’वर राहिलं. तिकडे पवना धरणग्रस्तांतल्या कित्येक कुटुंबांची पर्यायी जमिनीची प्रतीक्षा पन्नास वर्षांनीही संपली नव्हती. त्यांच्या फायलीला तर गाणंसुद्धा नव्हतं.