थकलेल्या कार्डाचं ओझं

जून महिन्यात लातूरच्या शिकवणीची फी क्रेडिट कार्डावर भरली जाते आणि फेड मात्र ऑक्टोबरात सोयाबीन विकल्यावर करायची असते. मधल्या काळात ‘किमान रक्कम’ भरून बिल ढकलता येतं, पण मुद्दल जागचं फारसं हलत नाही. व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, त्यावर 18 टक्के जीएसटी. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज. तुलनेसाठी पाहा: परवानाधारक सावकाराने बिगरशेतकऱ्याला दिलेल्या विनातारण कर्जावर राज्याने 2014 मध्ये वर्षाला 18 टक्क्यांची मर्यादा घातली. कार्डावरच्या व्याजाची वर्षाला 30 टक्क्यांची मर्यादा मात्र सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये रद्द केली.

म्हणून थकबाकी कमी व्याजाच्या दुसऱ्या कार्डावर वळवणं, म्हणजेच बॅलन्स ट्रान्सफर, शहाणपणाचं आहे. समजा, 60,000 रुपये सहा समान हप्त्यांत फेडायचे आहेत. जुन्या कार्डावर व्याज व करापोटी सुमारे 8,900 रुपये जातील. नव्या कार्डावर दीड टक्के मासिक व्याज आणि दोन टक्के प्रक्रिया शुल्क धरलं, तर करासह सुमारे 5,200. आक्षेप असा की, जुनं कार्ड मोकळं झालं की माणूस पुन्हा खर्च करतो. भीती खरी आहे. त्यासाठी जुन्या कार्डाची मर्यादा बँकेला सांगून त्याच दिवशी कमी करून घ्यावी. दुसरं कार्डच नसेल, तर नांदेडच्या वजिराबादेत काय नि लातूरच्या गंजगोलाईत काय, बँकेचं सोनेतारण कर्ज बहुधा याहून स्वस्त पडतं. घरच्या पाटल्या गहाण टाकायला जीव धजत नाही, हे मान्य करूनही.